थेंब खाली पडतो, दुखणे वर असते

(जिल्हा बैठकीच्या दुपारच्या सत्रात झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



सकाळी आपण कापसाचा उत्पादनखर्च मांडला. बियाणे, खत, फवारणी, निंदण, डवरणी, वेचणी, सगळे फळ्यावर लिहून झाले. शेवटच्या ओळीत 'वाहतूक' असा शब्द आला, त्यापुढे कुणीतरी अंदाजाने एक आकडा टाकला आणि आपण जेवायला उठलो. मला त्या एका ओळीवर बोलायचे आहे.

जेवण झाल्यावर मी बाहेर लिंबाखाली उभ्या असलेल्या गाड्या पाहून आलो. अकरा पिकअप आणि दोन जीप. तेरापैकी नऊ गाड्यांच्या बोनेटखाली जमिनीवर ओला डाग आहे. एका भावाला विचारले, "हे काय गळते?" तो म्हणाला, "जुनी गाडी आहे भाऊ, गळनच."

भावांनो, बैलाने दोन दिवस पातळ शेण टाकले तर "जुना बैल आहे, टाकनच" असे तुम्ही म्हणता का? म्हणत नाही. शेणाचा रंग पाहता, वास घेता, काल काय खाल्ले ते आठवता. लाळ गळते तर जबडा उघडून पाहता. गुरांचा डॉक्टर येईपर्यंत अर्धे निदान तुमचे झालेले असते. मग तीच नजर गाडीकडे वळली की कुठे जाते? बोनेट उघडले की आपण अडाणी होतो आणि मिस्त्री जे म्हणेल त्याला मान डोलावतो.

मी मिस्त्री नाही. कोरडवाहू शेतकरी आहे. पराटी, तूर आणि थोडी ज्वारी. घरी २००९ सालची एक पिकअप आहे, तीही जुनी घेतलेली. या गाडीने मला दोन धडे दिले. एक पैशाचा आणि एक जिवाचा. ते दोन्ही सांगतो आणि गळती ओळखायची कशी तेही सांगतो.

आधी थेंबाचा हिशेब

साधारण वीस थेंबांचा एक मिलिलिटर होतो. मिनिटाला एकच थेंब पडतो असे धरा. दिवसाची १४४० मिनिटे, म्हणजे १४४० थेंब, म्हणजे ७२ मिलिलिटर. महिन्याला दोन लिटरच्या वर गेले. ज्या इंजिनात सगळे मिळून पाच-सात लिटर तेल मावते, त्यातले दोन लिटर गेले. आणि तेल कमी झालेले इंजिन घाटात, भरल्या मालासह, मे महिन्यात काय करते ते ज्याचे इंजिन जाम झाले त्याला विचारा.

हा झाला तेलाचा हिशेब. खरा खर्च तेलाचा नसतो. गळती कुठून आहे हे न पाहता आपण सुटे भाग बदलत जातो, तो खर्च मोठा असतो. गाडी बाजाराच्या दिवशी बंद पडते आणि कापूस भाड्याच्या गाडीने न्यावा लागतो, तो खर्च त्याहून मोठा असतो. म्हणून पाना हातात घेण्याआधी तीन प्रश्नांची उत्तरे हवीत. काय गळते? कुठून गळते? केव्हा गळते?

काय गळते: वाटी, कागद आणि नाक

एक पांढरा कागद घ्या आणि वाटीत पाणी घ्या. खालचा थेंब बोटावर घेऊन एक कागदावर ठेवा, एक पाण्यात सोडा.

पाण्यावर तरंगला, तर ते इंजिन ऑइल, गिअर ऑइल, स्टिअरिंगचे ऑइल किंवा डिझेल. पाण्यात विरून गेला, तर कूलंट किंवा ब्रेक ऑइल. नावात ऑइल असले तरी आपल्या गाड्यांतले ब्रेक ऑइल पाण्यात मिसळते. एवढ्या एका वाटीने अर्धा प्रश्न सुटतो.

आता नाक. डिझेलचा वास सांगायला नको, आणि कागदावर त्याचा डाग भराभर पसरतो. गिअर ऑइल घट्ट असते आणि त्याला गंधकाचा, कुजक्या अंड्यासारखा वास येतो. डिझेल गाडीचे इंजिन ऑइल नवीन असताना मधासारखे असते, पण थोड्याच दिवसांत काळेभोर होते. काळे झाले म्हणून ते खराब झाले असे समजू नका, पण ओळखायला ती खूण चांगली. स्टिअरिंगचे ऑइल पातळ, बहुधा लालसर किंवा पिवळसर, आणि ते कमी झाले की वळण घेताना पंप कण्हतो.

कूलंट हिरवे, गुलाबी, निळे, नारिंगी कोणत्याही रंगाचे मिळते. गोडसर वास येतो, हाताला बुळबुळीत लागते, वाळल्यावर रंगीत पापुद्रा राहतो. ते विषारी आहे आणि चवीला गोड असते, म्हणून कुत्रे आणि वासरू चाटायला जाते. मायबहिणींना मुद्दाम सांगतो, सकाळी अंगण झाडताना हा डाग सगळ्यांच्या आधी तुम्हाला दिसतो. त्यावर माती टाका, ती गोळा करून गुरांपासून दूर पुरा, लेकरांना लांब ठेवा आणि घरच्या माणसाला तिथे आणून दाखवा. चव घेऊन कुणीही पाहू नये.

आपल्यातले बरेच जण रेडिएटरमध्ये नुसते विहिरीचे पाणी भरतात. मग गळती झाली तरी रंग नाही, वास नाही, दुपारपर्यंत डाग वाळतो. पूर्णेच्या खोऱ्यातल्या, खारपाणपट्ट्यातल्या भावांनी तर हे मुळीच करू नये. त्या पाण्याचा खार आतल्या बारीक नळ्यांत बसतो आणि धातू खातो. कूलंट आणि बॅटरीला घालतो ते शुद्ध पाणी, डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात घाला. गंज कमी होतो, उकळी उशिरा येते, आणि गळाले तर रंग दिसतो.

ब्रेक ऑइल पाण्यासारखे किंवा फिकट पिवळे असते. ते जिथे पडते तिथला रंग सोलून काढते. त्याच्याबद्दल पुढे बोलणार आहे.

रंगावर मात्र एकट्यावर विसंबू नका. जुने कूलंट गंजाने तांबडे होते, जुने ब्रेक ऑइल काळपट होते. वाटी, नाक आणि जागा, तिघांची साक्ष घ्या.

कुठून गळते: पुठ्ठ्याची रात्र

थेंब खाली पडतो, दुखणे वर असते. घराच्या छपरासारखेच आहे. पाणी पडते चुलीजवळ आणि फुटलेले कवेलू असते दोन हात वर. त्यात गाडी चालताना पंख्याचा आणि समोरचा वारा तेल मागे ढकलतो. म्हणून नियम लक्षात ठेवा. सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची ओली जागा शोधायची.

इंजिनावर दहा वर्षांचा चिखल आणि तेल बसले असेल तर ब्रह्मदेवालाही ती जागा दिसणार नाही. म्हणून आधी धुवा. इंजिन थंड असताना, डिझेलचा ब्रश मारून, पुसून, मग साध्या पाण्याने. अल्टरनेटर आणि वायरींच्या जोडावर प्लॅस्टिकची पिशवी बांधा, जोराचा फवारा मारू नका. पूर्ण वाळू द्या. संशयाच्या जागेवर अंगाला लावायची पावडर भुरभुरा. मग गाडी दहा-पंधरा किलोमीटर फिरवून आणा आणि टॉर्च घेऊन बघा. पांढऱ्या पावडरीवर ओली रेघ उमटलेली असते. ती रेघ वर चढत जा. जिथे संपते तिथे दुखणे.

रात्री मोठ्या खोक्याचा पुठ्ठा इंजिनाखाली सरकवा. पुढची चाके कुठे येतात त्याची पेन्सिलीने खूण करा. सकाळी डाग समोर आहे, मधे आहे की मागे, ड्रायव्हरच्या बाजूला की दुसऱ्या, ते नकाशासारखे दिसते. तीन रात्री पुठ्ठा ठेवला तर डाग वाढतो की तेवढाच आहे तेही कळते.

पुढे, पंख्याच्या बाजूला कूलंट असेल तर रेडिएटर, होज पाईप, त्यांच्या क्लिपा आणि वॉटर पंप पाहा. वॉटर पंपाला खालच्या बाजूस एक बारीक भोक मुद्दाम ठेवलेले असते. तिथून थेंब येऊ लागले किंवा तांबूस ओघळ दिसला तर आतले सील गेले असा तो निरोप आहे. काही जण ते भोकच लांबी भरून बंद करतात. निरोप आणणाऱ्याचे तोंड दाबून दुखणे बरे होत नाही. पाणी बेअरिंगमध्ये जाते आणि मग पंप जाम होतो.

इंजिन ऑइल असेल तर वरून खाली या. टॅपेट कव्हरचे पॅकिंग, टर्बो असेल तर त्याच्या तेलाच्या नळ्या, ऑइल प्रेशरचा स्विच, फिल्टर, पुढचे ऑइल सील, चेंबरचे पॅकिंग आणि शेवटी खालच्या बोल्टाचा वायसर. फिल्टर बदलल्याबरोबर गळती सुरू झाली असेल तर जुन्या फिल्टरचे रबर इंजिनाला चिकटून राहिले का ते आधी पाहा. बऱ्याच डिझेल गाड्यांत अल्टरनेटरच्या पाठीला एक व्हॅक्यूम पंप असतो, त्याला तेलाची नळी जाते. तिथे गळले तर तेल अल्टरनेटरमध्ये शिरते आणि बॅटरी चार्ज होणे बंद होते. असे दोन रोग एका कारणाने येतात.

इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जुळतात तिथे तेल दिसले की मिस्त्री म्हणतो, मागचे ऑइल सील. ते असूही शकते. पण ते बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो. म्हणून आधी वाटी-नाकाची परीक्षा करा. घट्ट आणि गंधकाच्या वासाचे तेल असेल तर ते गिअरबॉक्सचे आहे. इंजिनाचे असेल तरी टॅपेट कव्हरचा मागचा कोपरा आणि ऑइल प्रेशरचा स्विच कोरडा आहे का ते बघा, कारण तिथले तेलही ओघळून नेमके त्याच ठिकाणी येते.

केव्हा गळते

काही गळती फक्त थंडीच्या पहाटे असते. रबर आणि क्लिप आकसते, थेंब पडतो. इंजिन गरम झाले की सगळे फुगते आणि गळती थांबते. अशा वेळी बहुधा क्लिप आवळून किंवा जुना होज बदलून काम होते. काही गळती फक्त इंजिन गरम असताना दिसते, कारण तेव्हाच रेडिएटरमध्ये दाब असतो. रेडिएटरचे झाकण हा दाब धरून ठेवते, त्यामुळे आतले पाणी १०० अंशांना उकळत नाही, ११५-१२० अंशांपर्यंत तग धरते. झाकणाचे रबर कडक झाले तर पाणी बाजूच्या नळीतून बाहेर फेकले जाते आणि आपण रेडिएटर फुटला म्हणून घाबरतो. आधी झाकण बदलून पाहा. आणि गरम इंजिनाचे झाकण कधीही उघडू नका. त्या वाफेने चेहरे भाजलेले आहेत.

पाणी कमी होते पण जमिनीवर डागच नाही, असेही होते. मग ते आत जाते आहे. सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येत राहतो, डिपस्टिकवर तेल दुधाळ दिसते, रेडिएटरच्या पाण्यात सतत बुडबुडे येतात. ही हेड गॅसकेटची लक्षणे. तरी लगेच हेड खोलू देऊ नका. चांगल्या गॅरेजमध्ये रेडिएटरला हातपंपाने दाब देऊन तपासतात. दाब टिकतो की उतरतो, ते तिथे उभे राहून डोळ्यांनी पाहा.

माझा पहिला धडा

आमच्या गाडीचे टॅपेट कव्हर गळू लागले. पॅकिंग बदलले. महिन्याने पुढचे ऑइल सील गळू लागले. तेही बदलले. मग चेंबर ओला झाला. चेंबरचे पॅकिंग बदलले. मग मागून तेल आले. मिस्त्री म्हणाला, "मागचं सील गेलं भाऊ. गिअरबॉक्स उतरवा लागते. अन् उतरवतोच आहो त इंजनाचंबी काम करून टाका." त्याने सांगितलेला आकडा आमच्या त्या वर्षीच्या तुरीएवढा होता.

मी तूर विकायला काढली. आमच्या गावात एक म्हातारे काका आहेत, उभी हयात एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये गेली. त्यांना सहज सांगितले. ते आले, बोनेट उघडले, इंजिन सुरू ठेवून तेल भरायचे झाकण सैल केले. आतून कुकरच्या शिट्टीसारखा धूर आला. काका म्हणाले, "अरे बाप्पा, पोट फुगलं हिचं. वारा सरायची नळी पाह्यली का कोणी?"

कुणीच पाहिली नव्हती. इंजिनात जाळ होतो तेव्हा थोडा वायू पिस्टनच्या बाजूने खाली उतरतोच. तो बाहेर जाण्यासाठी एक नळी असते, तिला ब्रिदर म्हणतात. आमच्या गाडीची ती नळी काळ्या गाळाने ठासून बंद झालेली होती. आतला वायू जाणार कुठे? पोत्याचे तोंड शिवून टाका आणि कुठूनतरी आत कापूस कोंबतच राहा. जिथली शिवण कच्ची तिथे पोते उसवते. ती शिवली की दुसरीकडे उसवते. मी तीन महिने शिवणीच शिवत होतो, पोत्याचे तोंड कुणी मोकळे केले नव्हते.

काकांनी नळी काढली, डिझेलने धुतली, फुंकून साफ केली. मागची गळती आठवड्यात जवळजवळ थांबली. गिअरबॉक्स उतरला नाही, तूर घरात राहिली.

खोटी आशाही लावत नाही. नळी साफ करूनही झाकणातून तसाच जोराचा धूर येत असेल तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत आणि इंजिनाचे काम खरेच निघाले आहे. पण ते शेवटी ठरवायचे, आधी नाही. थोडी फुंकर प्रत्येक डिझेल इंजिनाची येते, तिला घाबरू नका. झाकण उघडताना बाजूला उभे राहा, तेल उडते.

डिझेल: डोळ्यांनी पाहा, हाताने नाही

डिझेलची गळती दोन तऱ्हेची. टाकीकडून पंपाकडे येणाऱ्या नळीत डिझेल ओढले जाते. तिथे भेग असेल तर बाहेर थेंब न येता आत हवा जाते. बाहेर सगळे कोरडे आणि गाडी सकाळी सेल्फ मारून मारून सुरू होत नाही. लोक बॅटरी बदलतात, सेल्फ भरून आणतात. आधी फिल्टर, हातपंप आणि त्या नळीचे जोड पाहा. थोडा तुकडा पारदर्शक नळीचा जोडला तर बुडबुडे डोळ्यांनी दिसतात.

दुसरी गळती पंपापासून नोझलपर्यंतच्या लोखंडी नळ्यांची. इथे हात जोडून सांगतो, इंजिन सुरू असताना त्या नळ्यांवर बोट फिरवून गळती शोधू नका. नव्या पद्धतीच्या डिझेल गाड्यांत तिथे दाब हवेच्या दाबाच्या हजार पटींहून जास्त असतो. सुईच्या टोकाएवढ्या भोकातून आलेले डिझेल कातडी फोडून आत शिरते. वरून नुसता टोचल्यासारखा ठिपका दिसतो, दुखतही नाही, आणि आत हात सडायला लागतो. असे झाले तर हळद लावून घरी बसू नका. त्याच तासाला मोठ्या दवाखान्यात जा आणि डिझेल आत गेले हे स्पष्ट सांगा. जुन्या गाडीत दाब कमी असतो, पण कातडी फोडायला तोही पुरेसा आहे. पुठ्ठ्याचा तुकडा लांबून धरा, त्यावर फवारा उमटेल.

आणि आपण गाडीत कापूस नेतो. गरम सायलेन्सरवर डिझेल किंवा तेल ठिबकते आहे आणि मागे दहा क्विंटल कापूस भरलेला आहे, हे एकत्र आले तर काय होते ते ज्याची गंजी जळाली त्याला सांगायला नको. बोनेटखाली अडकलेले कापसाचे पुंजके दर आठवड्याला काढा. तेलाने भिजलेला पुंजका वातीसारखा पेटतो.

दुसरा धडा

हे सांगायला मला बरे वाटत नाही, पण सांगितले पाहिजे.

डिसेंबर महिना होता. वेचणी जोरात. ब्रेक ऑइलच्या बाटलीत पातळी खाली गेलेली दिसली, मी भरली. पाच-सहा दिवसांनी परत खाली. परत भरली. तीन आठवड्यांत चार वेळा. प्रत्येक वेळी मी गाडीखाली वाकून पाहिले. जमीन कोरडी, चारही चाके आतून कोरडी. मनाशी म्हटले, गळत तर नाही, आटत असेल.

भावांनो, ब्रेक ऑइल आटत नाही. ब्रेक झिजतात तशी पातळी कित्येक महिन्यांत थोडी उतरते, तेवढेच. चार वेळा भरावे लागले याचा अर्थ ते कुठेतरी जात होते.

पाचव्या वेळी भरायचे राहून गेले. कापूस भरला होता आणि वर वेचणीच्या सहा बाया बसल्या होत्या. मालाच्या गाडीत माणसे बसवू नयेत हे मला माहीत होते. बसवली. वडकीच्या अलीकडे गावचा रस्ता उताराने हमरस्त्याला लागतो. समोरून ट्रक धडधडत चालले होते. मी ब्रेक दाबला आणि पॅडल तळाला गेले. पुन्हा दाबला, पुन्हा तळाला. गिअर खाली टाकला, हँडब्रेक ओढला आणि गाडी बाजूच्या तुरीच्या वावरात घातली. काळ्या मातीने चाके धरली. हमरस्ता पुढे वीस-पंचवीस हातांवर होता.

पाच जणी उठून उभ्या राहिल्या. एकीचे मनगट मोडले. दवाखाना मी केला, हंगामाची मजुरी मी दिली. पण तो हात पुन्हा पूर्वीसारखा वेचणीला चालला नाही. ती आमच्याच गल्लीत राहते आणि मला रोज "कसे आहे भाऊ" म्हणून विचारते. त्या विचारण्याला माझ्याकडे उत्तर नसते.

गाडी खोलली तेव्हा दिसले की मास्टर सिलेंडरचे मागचे सील गेले होते. ऑइल थेट त्याच्या मागच्या बूस्टरच्या डब्यात भरत होते. जमिनीवर एक थेंब पडला नाही. पण खूण होती. मास्टर आणि बूस्टर जिथे जुळतात तिथे खालचा रंग फुगून सोलला होता. ती खूण बोनेट उघडल्यावर दिसते, मी चार वेळा बोनेट उघडले होते आणि बाटलीपलीकडे पाहिले नव्हते.

म्हणून तपासायची रीत सांगतो. उभ्या गाडीत इंजिन सुरू ठेवून ब्रेक एकसारखा मिनिटभर दाबून धरा. पॅडल हळूहळू खाली सरकत गेले तर गाडी तिथेच ठेवा आणि मिस्त्रीला घरी बोलवा. क्लचची बाटली असेल तर तिच्यावरही अशीच नजर ठेवा. आणि ब्रेक ऑइल नाही म्हणून त्यात दुसरे कोणतेही तेल घालू नका. रबर फुगते आणि सगळे ब्रेक बाद होतात.

काय थांबू शकते, काय नाही

प्रत्येक गळतीला पैसे लागतीलच असे नाही. हातात पैसा कमी असताना क्रम लावावा लागतो, तो असा लावा.

जागीच थांबायचे: ब्रेकची गळती, डिझेलची गळती, तेलाचा लाल दिवा लागणे, तापमानाचा काटा वर जाणे. काटा वर गेला तर इंजिन बंद करा आणि पूर्ण थंड होऊ द्या. तापल्या इंजिनात थंड पाणी ओतले तर हेड तडकते.

या आठवड्यात करायचे: कूलंटचे थेंब, गरम सायलेन्सरवर पडणारे तेल, स्टिअरिंगची गळती.

नजर ठेवायची: पॅकिंगच्या कडेला नुसता ओलसर थर, ज्याचा थेंब होत नाही. पुसा, तारीख लिहा, महिन्याने पाहा.

रेडिएटरमध्ये हळद टाकायची युक्ती जुने ड्रायव्हर करतात. वाटेत अडकलात तर घरी पोचायला ती चालेल. पण ती बारीक नळ्यांतही बसते, घरी आल्यावर रेडिएटर धुवून गळतीचे खरे काम करा.

गाडीखाली जायचे असेल तर नुसत्या जॅकवर विश्वास ठेवू नका. चाकांना दगड आणि खाली लाकडाचे जाड ओंडके लावा. सुरू इंजिनावर वाकताना दुपट्टा आणि पदर खोचून घ्या, पंखा कुणाला ओळखत नाही.

मिस्त्रीशी बोलायची रीत

मिस्त्री आपला वैरी नाही. तोही उन्हात काम करतो आणि त्याचीही उधारी थकलेली असते. पण आपण जाऊन म्हणतो, "गळते, पाह्य." मग तो अंदाजाने सांगतो आणि अंदाजाचे पैसे आपण भरतो. त्याऐवजी असे सांगा: "कूलंट आहे, पुढून डाव्या बाजूने येते, फक्त पहाटे येते, तीन दिवसांत अर्धा लिटर गेले." तोही सावध होतो आणि नेमके काम करतो. काढलेला भाग परत मागा. कुठून गळत होते ते बोटाने दाखवायला सांगा.

यासाठी एक वही लागते. आठवड्यातून एकदा, सकाळी, इंजिन थंड आणि गाडी सपाट जागेवर असताना तेल, कूलंट, ब्रेक ऑइल आणि स्टिअरिंगचे ऑइल पाहा. चार आकडे लिहा, तारीख घाला. डोळा विसरतो, वही विसरत नाही. माझ्याकडे ती वही असती तर 'चार वेळा भरले' हे अपघातानंतर आठवायची वेळ आली नसती.

म्हणून आज घरी जाताना एवढेच करा. बाहेर त्या नऊ गाड्यांखाली नऊ डाग आहेत. निघायच्या आधी प्रत्येकाने बोनेट उघडावे. वाटी आणि कागद मी टेबलावर ठेवला आहे. पहिल्यांदा ब्रेकची बाटली पाहा, मग बाकीचे. ज्याचे पॅडल खाली सरकेल त्याने आज गाडी इथेच ठेवावी, घरी सोडायची व्यवस्था आम्ही करू. आणि पुढच्या वर्षी दसऱ्याच्या आत, पहिल्या वेचणीआधी, गावातल्या सगळ्या गाड्या एका सकाळी एका ठिकाणी उभ्या करा आणि एकमेकांच्या तपासा. दुसऱ्याच्या गाडीचा डाग आपल्याला लवकर दिसतो.

चला, उठू या. ऊन उतरायच्या आत बोनेट उघडू.